दारातली वीट

ट्रक चोरीला गेला. भर दुपारी, लख्ख उन्हात, आमच्या दारासमोरून. आणि दाजी आत होते.

हे तुम्ही वाचलंच नाही, असं धरून चालू या. पोलिसांनीही तसंच धरलंय आणि त्यांचं काही अडलेलं नाही. तर ट्रक दारासमोर उभा आहे, दाजी ड्रायव्हरच्या सीटवर ऐसपैस बसलेत आणि मी त्यांच्या पायांशी, डॅशबोर्डखाली उताणा पडून वायरी तपासतोय. पण तिथवर यायला जरा मागून यावं लागेल.

मी गाड्यांचं वायरिंग करतो. ताईच्या घराखाली एक शटर आहे, ते माझं दुकान. वरच्या दोन खोल्यांत ताई, ताईचा नवरा म्हणजे दाजी, आणि दाजींच्या भाषेत 'वर टाकलेलं सामान' म्हणजे मी, असे आम्ही राहतो. दाजींचा लोकांचं घरसामान हलवून द्यायचा धंदा. कपाटं, पलंग, फ्रीज त्यांची माणसं उचलतात. काचेचं सामान ताई कागदात गुंडाळून खोक्यात भरते. फार वर्षांपूर्वी तिच्या हातून एक कप फुटला. तेव्हापासून प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला दाजी तिची ओळख करून देतात ती अशी: "ह्या आमच्या मिसेस. ह्यांच्या हातात कप देऊ नका." गिऱ्हाईक हसतं. ताईही हसते. दाजींनी आजवर ताईवर हात उगारलेला नाही. कधी गरजच पडली नाही.

भाड्याच्या गाड्यांना कंटाळून दाजींनी जुना ट्रक घ्यायचं ठरवलं. विकणारा माणूस गाद्या शिवायचा. त्याच्या अंगणात ट्रक उभा होता: निळा, चौकोनी नाकाचा, वयाने माझ्याहून मोठा. टायर बरे, पत्रा बरा, इंजिनाचा आवाज खाऊनपिऊन सुखी असलेल्या म्हाताऱ्यासारखा. डॅशबोर्डवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत होता. कुणीतरी मागाहून चोरीचा अलार्म बसवून घेतला होता.

व्हरांड्यात गादीवाल्याचा थोरला भाऊ खुर्चीत बसला होता. उजवा हात छातीपर्यंत उचललेला, बोटं अर्धवट मिटलेली, हातात कप धरावा तशी. कप नव्हता. एक पापणी तेवढी मिटायची, उघडायची.

"तुमचे बंधू फार बोलतात," दाजी म्हणाले.

"पूर्वी बोलायचा दादा," गादीवाला म्हणाला. "खूप बोलायचा."

चावी देताना त्याने मला बाजूला घेतलं. "अलार्मला हात लावू नका." मग व्हरांड्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "किंवा लावा. तुमची मर्जी."

ट्रक घरी आला आणि त्याने रंग दाखवले. जवळ कुणी नसलं की सायरन बोंबलायचा. जवळ जावं तर गप्प. सकाळी सेल्फ मारला की नुसती टिक, बॅटरी उतरलेली. नवी बॅटरी घातली, तीही उतरली. समोरच्या घरातल्या बाई गॅलरीत येऊन आमच्याकडे नुसतं बघत उभ्या राहायच्या. ते बघणं सायरनपेक्षा मोठ्याने ऐकू यायचं.

"शास्त्रज्ञ," दाजी मला म्हणाले, "तुमचं संशोधन जरा हलवा. नाहीतर सामान तुमच्या पाठीवर लादतो आणि हॉर्न तेवढा मी वाजवतो."

मी रीतीने गेलो. आधी बॅटरीची टोकं, मग अर्थिंग. मग दाराच्या चौकटीतलं बटण, जे दार उघडं आहे की लागलंय ते अलार्मला सांगतं. ते गंजलं होतं, बदललं. धक्का ओळखणारा सेन्सर इतका हळवा करून ठेवला होता की बॉनेटवर मांजर बसलं तरी ठणाणा. तो जरा निगरगट्ट केला. डॅशबोर्डखाली अलार्मचा डबा सापडला, साबणाच्या वडीएवढा, काळा, वर नाव नाही की नंबर नाही. मागाहून बसवलेल्या अलार्मचं वायरिंग म्हणजे संसारात घुसलेला लांबचा नातेवाईक. कुठेकुठे जोडलं गेलंय ते बसवणाऱ्यालाही आठवत नाही. टेप वाळून सालीसारखी निघत होती. एकेक वायर टेस्ट लॅम्पने बघत गेलो. ही बॅटरीची. ही अर्थची. ही सायरनची. ही सेल्फ तोडणारी. एक उरली.

ती करड्या रंगाची होती. डब्यातून निघून चटईखालून ड्रायव्हरच्या सीटकडे गेली होती आणि सीटच्या गादीत शिरली होती. सीटमध्ये विजेवर चालणारं काहीच नव्हतं. मी ती ओढली. थोडी आली. मग तिकडूनही थोडी ओढली गेली.

"स्प्रिंगमध्ये अडकली असणार," मी मोठ्याने म्हणालो. जवळ कुणी नव्हतं म्हणून मोठ्याने.

गाडी बंद ठेवून मीटर लावलं. बंद गाडीतूनही जरासा करंट जात असतो. जास्त गेला तर गळती समजायची आणि शोधायची. पण गळती एकसारखी असते. इथे आकडा सावकाश चढायचा, सावकाश उतरायचा. झोपलेल्या माणसाच्या छातीकडे बघत बसावं तसा मी बघत बसलो. मग मीटर गुंडाळून ठेवलं. मीटर जुनं होतं.

असा हट्टी अलार्म आला की आमच्यात एकच उपाय करतात: त्याला सगळं विसरायला लावतात. डब्याच्या मागे एक लपवलेलं बटण असतं. चावी फिरवून ते दाबून धरलं की लाल दिवा लुकलुकायचा थांबतो आणि सरळ पेटतो. जुने रिमोट सगळे पुसले जातात. दिवा पेटलेला आहे तोवर नवा रिमोट दाबायचा. डबा 'पिप' करतो, म्हणजे शिकला. त्यापुढे तो त्याच रिमोटला ओळखणार.

यासाठी एक माणूस डॅशबोर्डखाली लागतो आणि एक सीटवर.

"दाजी, मी सांगितलं की दाबा."

"काय दाबू?" असं कुठल्याही माणसाने विचारलं असतं. दाजी विचारत नाहीत. विचारलं तर मला कळतं आणि त्यांना कळत नाही असं होईल. आणि मी आपणहून सांगत नाही. सांगितलं तर "आम्हाला शिकवू नका" हे ऐकावं लागेल. आमच्या घरातली बहुतेक कामं अशीच होतात.

मी बटण दाबून धरलं. दिवा सरळ पेटला.

"दाबा!"

"दाबलंय!"

डब्याने पिप केलं. पोट भरल्यासारखं.

मी बाहेर सरकलो. दाजींचा अंगठा डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यावर घट्ट दाबलेला होता. नखाची कड आतून लाल दिसत होती. नवा रिमोट माझ्या शर्टाच्या खिशात होता.

मी तोंड उघडणार तेवढ्यात माझा फोन वाजला. गादीवाला होता.

"तुम्ही आत्ता काही पुसलंत का?"

"जुने रिमोट पुसले. का हो?"

 मागे कुणीतरी खुर्ची सरकवली.

"दादाचा हात खाली आला," तो म्हणाला. "आत्ता. पापणी पण थांबली."

"अरेरे. म्हणजे ते—"

"थँक्यू हं," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

दाजींना मी सांगितलं की गादीवाल्याचा भाऊ गेला आणि त्याने आपले आभार मानले. दाजी म्हणाले, "अभिनंदन. तुमच्या हातून पहिल्यांदाच कुणाचं तरी काम झालं." मग ते उतरले, दार आपटलं आणि जिन्याकडे निघाले. "थांब, तुझ्या बहिणीला सांगतो. म्हणावं, तुझ्या भावाने—"

मागे ट्रकमध्ये खट्‌ झालं. दार लागलं की हा अलार्म काही क्षणांत आपोआप लागतो.

दाजी जिन्यात थांबले होते. एक पाय पायरीवर, दुसरा वरच्या पायरीकडे निघालेला, हवेत. मला वाटलं, शब्द शोधताहेत. चांगल्या टोमण्यासाठी ते वेळ देतात. मी वाट बघितली. पाय हवेतच. एक पापणी मिटली, उघडली. मिटली, उघडली. मी दंडाला हात लावला. ऊब होती, पण हात कपाटाला लागला असं वाटलं.

ताईला हाक मारायला हवी होती. पण माझी पक्कड ट्रकमध्ये राहिली होती, आणि माणूस गोंधळला की जे आधी आठवतं ते करतो. मी जाऊन चावी फिरवली, दार उघडलं.

"—घरबसल्या एक माणूस मारला!" जिन्यातून आवाज आला आणि पावलं वाजली.

मी पक्कड घेऊन दार लावलं. पावलं थांबली.

दार उघडलं. वाजली.

दाजी वर पोचेपर्यंत मी ट्रककडे बऱ्याच चकरा मारल्या.

ताईचा आधी विश्वास बसला नाही. मग मी तिला खिडकीतून खुणा करायला लावल्या आणि खालून दार उघड-बंद करून दाखवलं. वर दाजी तिला विचारत होते की तुझ्या भावाला खाली कसली हुक्की आलीय. त्या एका वाक्याला बराच वेळ लागला. ताईने खिडकीचा गज घट्ट धरला होता. शेवटी ती खाली आली, इकडेतिकडे बघितलं, भिंतीशी पडलेली एक वीट उचलली आणि ट्रकच्या दारात अडकवली.

"हे दार कुणी लावायचं नाही," ती म्हणाली.

डॉक्टरही झाले. त्यांनी दाजींचं सगळं तपासलं. वीट जागेवर होती, त्यामुळे सगळं उत्तम निघालं.

दाजींना सांगायचा प्रयत्न आम्ही केला. "मला वेडा ठरवून ट्रक लाटायचा बेत आहे का दोघा भावंडांचा?" त्यांचं म्हणणं एवढंच की दार उघडं ठेवलं तर बॅटरी उतरते. हे बरोबर होतं. म्हणून येता-जाता ते विटेला लाथ मारायचे, दार आपटायचे, आणि घराच्या दिशेने काही पावलं टाकून अंगणात उभे राहायचे, एक बोट वर करून. समोरच्या बाई बघायच्या. मी जाऊन वीट लावायचो. बोट खाली यायचं आणि दाजी म्हणायचे, "हसतोस काय?"

दिवसभर कामावर त्यांचं चालून जायचं. गाडी चालू असायची, सामान उतरवताना दार उघडं असायचं. प्रश्न घरचा होता. मी केबिनमधला दिवा काढून टाकला, बॅटरीला चार्जर लावला, खिडकीतून वायर सोडली. एकूण, दाजींचं आयुष्य आता एक वीट आणि एक प्लग यांच्यावर होतं. तसं बऱ्याच लोकांचं याहून कमी कशावर तरी असतं.

पुसून परत शिकवावं का, याचाही विचार झाला. मी डॅशबोर्डखाली शिरलो, बटणावर बोट ठेवलं, आणि गादीवाल्याचा फोन आठवला. वर जाऊन ताईला सांगितलं: पुसलं तर हात खाली येईल.

ताईने फार वेळ विचार केला. इतका की मी मधे पाणी पिऊन आलो.

"नको," ती म्हणाली. "एवढे काही वाईट नाहीत ते."

मग एका संध्याकाळी वाऱ्याने वीट हलली.

आम्ही जेवत होतो. दाजी म्हणत होते, "एवढी वर्षं झाली लग्नाला, पण तुला अजून साधं अंडं उकडता—" आणि खाली दार लागलं. खट्‌.

मी उठलो.

"बस," ताई म्हणाली. "जेवून घे आधी."

मी बसलो. आम्ही जेवलो. घड्याळ वाजत होतं. आमच्या घड्याळाला आवाज आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. ताईने आणखी एक अंडं घेतलं, मीठ घातलं, सावकाश खाल्लं. मग भांडी घासली. मग रेडिओ लावला, दाजींना नको असलेला. झोपायच्या आधी ती स्वतः खाली गेली.

"—येत नाही," दाजी म्हणाले, आणि समोरच्या रिकाम्या टेबलाकडे बघत राहिले.

त्यानंतर वीट वरचेवर हलू लागली. वारा नसतानाही. आधी जेवणापुरती शांतता, मग दुपारची, मग अख्खा रविवार. जेवायला मात्र ताई त्यांना न चुकता उघडायची. ती निर्दय नव्हती.

पण दाजी आता वेगळे सुरू व्हायचे. आधी ते वाक्य जिथे तुटलं तिथून उचलायचे. आता सुरू झाले की पहिल्यांदा गुडघे चोळायचे. पाय आखडलेत म्हणायचे, खुर्चीत बसल्याबसल्या. हात टेबलावर यायचे ते गोल, स्टिअरिंग धरल्यासारखे. अंगाला डिझेलचा वास. टोमणे कमी झाले. एकदा ताईने मीठ पुढे केलं तर "थँक्यू" म्हणाले. माझ्या हातातली पोळी खाली पडली.

"बारक्या," ताई मला म्हणाली, "बंद असताना त्यांना कळतं का रे काही? बघून ये ना."

थंडीची सकाळ होती. मी ट्रकजवळ गेलो. दार लागलेलं, दिवा लुकलुकत होता. सगळ्या काचा स्वच्छ होत्या. ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेवर मात्र आतून एक धुरकट गोल होता, तोंडाच्या उंचीवर. तो लहान व्हायचा, मग एकदम मोठा व्हायचा. लहान व्हायचा. एकदम मोठा. सीटची गादी खोल दबली होती. मी काचेला हात टेकला. गोल माझ्या हाताकडे सरकला.

मीटर लावायची गरज नव्हती. तरी लावलं. आकडा चढत होता, उतरत होता. पहिल्या वेळेपेक्षा फार भराभर.

मी वर आलो. ताई कुणाचे तरी ग्लास कागदात गुंडाळत होती. टेबलाच्या त्या टोकाला दाजी होते, पापणी मिटत, उघडत.

"कळतं," मी म्हणालो. "तिथे बसलेत. बोलताहेत बहुतेक. ओरडत असतील."

तिने ग्लास खोक्यात ठेवला.

"मग ऐकू कसं येत नाही?"

"काच वर आहे."

तिने दुसरा ग्लास घेतला. कागद फाडला. कडा दुमडल्या.

"वरच असू दे," ती म्हणाली.

तुम्ही विचाराल, मी का नाही केली खाली. काच खाली करायला दार उघडावं लागतं. दार उघडलं की दाजी सुरू होतात, आणि सुरू झालेले दाजी मला इतकी वर्षं माहीत होते. शिवाय घरात रेडिओ चालू होता.

त्या दिवशी जेवायला ताईने दार उघडलं आणि ती तिथेच, ट्रकजवळ थांबली. वर टेबलाशी मी आणि दाजी.

त्यांनी गुडघे चोळले नाहीत. अंडं खाल्लं.

"छान उकडलंय," ते म्हणाले.

मग खिडकीकडे बघितलं. आवाज बसलेला होता; दिवसचे दिवस ओरडलेल्या माणसाचा बसतो तसा.

"बारक्या."

त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नव्हती.

"तिला सांग, कपाचं मी परत कधी बोलणार नाही." त्यांनी हात छातीपर्यंत उचलला. बोटं अर्धवट मिटली. "दार लावायचं तर लावा. माझी ना नाही. पण निदान काच—"

खट्‌.

मी खिडकीशी गेलो. खाली ताई उभी होती. वीट तिच्या हातात होती. ती वर बघत होती.

वर आल्यावर तिने दाजींच्या हनुवटीखाली एक बोट लावून त्यांचं तोंड मिटवलं.

"माशी जायची," ती म्हणाली.

वीट तिने टेबलाच्या एका पायाखाली सरकवली. ते टेबल बरेच दिवस हलत होतं.

पुढच्या आठवड्यात तिला इस्त्रीसाठी प्लग लागला, म्हणून चार्जरची वायर निघाली. मग ती म्हणाली, "तो सायरनही तोडून टाक रे. समोरच्या बाई सारख्या बघत असतात." मी तोडला. सोपं काम होतं, एकच वायर. तोडताना करडी वायर माझ्या मनगटाला लागली. कोमट होती.

ट्रक गेला त्या दुपारी मी शटरमध्ये ग्राइंडर चालवत होतो. बाहेर आलो तेव्हा रस्त्यावर फक्त तेलाचा डाग होता. समोरच्या बाईंनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. म्हणाल्या, क्रेन आली होती, माणसं सभ्य होती. त्यांनी वर बघून विचारलं, आणि तुमच्या ताईंनी मान हलवली. नंतर पोलिसांसमोर मात्र त्या म्हणाल्या की आपल्याला लांबचं दिसत नाही.

पोलिसाने विचारलं, "गाडीत काही किमती होतं का?"

ताईने खरंच विचार केला.

"नाही," ती म्हणाली.

पोलिसाने टेबलाशी बसलेल्या दाजींना नमस्कार केला. दाजींनी पापणी मिटली. तेवढ्यावर त्याचं समाधान झालं.

धंदा आता ताई बघते. भाड्याच्या गाड्या परवडतात. गिऱ्हाईक घरी आलं की ती टेबलाच्या टोकाकडे हात करते, जिथे दाजी हात छातीपर्यंत उचलून, बोटं अर्धवट मिटून बसलेले असतात. "हे आमचे मिस्टर," ती सांगते. "ह्यांच्या हातात कप देऊ नका." गिऱ्हाईक हसतं. ताईही हसते. सामान बांधायच्या टेपचं रीळ ती त्यांच्या मनगटात अडकवते, हाताशी राहतं.

मी त्यांच्यासमोर बसून जेवतो. पापणी अजून मिटते, उघडते. पूर्वीपेक्षा सावकाश. चार्जर नसला की बॅटरी अशीच जाते: आधी दोन लुकलुकींमधलं अंतर वाढतं. परवा त्यांच्या श्वासाने समोरचा ग्लास धुरकट झाला, आणि बंद असताना ते तर श्वास घेत नाहीत. मी ग्लास पुसून ठेवला.

तेवढ्यासाठी हा अर्ज.

प्रति, माननीय तपास अधिकारी, वाहनचोरी विभाग. विषय: निळ्या रंगाच्या चोरीस गेलेल्या ट्रकमधील शिल्लक बाबींविषयी. महोदय, सदर वाहन परत मिळण्याची अर्जदारास आशा नाही व तशी मागणीही नाही. तथापि वाहन ज्यांच्या ताब्यात असेल त्यांना आपल्यामार्फत कळवण्यात यावे की, डॅशबोर्डखालील डब्यावरचे बटण दाबून काहीही पुसू नये. बॅटरी उतरू देऊ नये. ड्रायव्हरच्या सीटवर बसण्यापूर्वी ती रिकामी दिसली तरी आधी विचारावे. वाहन मोडीत काढायचे झाल्यास केबिन शेवटी कापावी. अर्जदाराच्या बहिणीची या विनंतीस हरकत आहे, याची नोंद घ्यावी. वरीलपैकी काहीच शक्य नसल्यास, ड्रायव्हरच्या बाजूची काच चार बोटं खाली करण्याचे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.